कॅमेरा ठाण्याच्या आतून

‘दिल्ली क्राइम’चं पहिलं पर्व मी दोनदा सुरू करून बंद केलं होतं. तिसऱ्या खेपेला दिवसाउजेडी बसले आणि सातही भाग दोन दिवसांत संपवले. बंद करण्यासारखं पडद्यावर काही दिसलं होतं, असं नाही. उलट पहिल्या भागात दिसतं ते इतकंच: थंडीची रात्र, रस्त्याकडेला पडलेली दोन माणसं, आणि झोपेतून उठून गाडीत बसणारी एक पोलीस अधिकारी. पण ती रात्र कोणती हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. १६ डिसेंबर २०१२, ‘निर्भया’ प्रकरणाची रात्र. दिल्लीत मुनिरकाच्या बसथांब्यावरून बसमध्ये चढलेली एक तरुणी आणि तिचा मित्र महिपालपूरजवळ रस्त्यावर टाकून दिले गेले, आणि तेरा दिवसांनी, २९ डिसेंबरला, सिंगापूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. हे माहीत असताना मालिका ‘बघायला’ बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला रिमोट हातात धरूनच पडला होता. बघून झाल्यावरही तो पुरता सुटलेला नाही. तरीही मी ती बघा असंच सांगते. का सांगते, आणि कुठे अडखळते, त्याचा हा हिशेब.

रिची मेहता यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली ही मालिका मार्च २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. त्या वेळी फाशीची शिक्षा झालेले चौघेही तुरुंगात जिवंत होते. त्यांना फाशी झाली ती बरोबर वर्षभराने, २० मार्च २०२० रोजी. म्हणजे न्यायालयातलं प्रकरण पुरतं मिटायच्या आत त्याची गोष्ट होऊन घराघरांत पोचली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मालिका. पारितोषिकामुळे बोलणं बंद होतं, तसं इथेही झालं. मालिका चांगली की वाईट यापलीकडचा मुद्दा मागे पडला: इतक्या ताज्या, इतक्या खऱ्या जखमेवर मालिका काढावी का, आणि काढलीच तर कॅमेरा कुणाच्या खांद्यावर ठेवावा?

काढावी का, याचं उत्तर मला मालिकेनेच दिलं. काढावी, पण कुठे नजर वळवायची हे कळत असेल तर. बसमध्ये काय झालं ते ‘दिल्ली क्राइम’ एकदाही दाखवत नाही. धूसर नाही, सावल्यांत नाही, आठवणींच्या तुकड्यांतूनही नाही. आपल्याला ते समजतं ते डॉक्टरांच्या तोंडून. काय काय फाटलं, काय उरलं नाही, पुढच्या काही तासांत कोणती शस्त्रक्रिया करावी लागेल, हे ते कामाच्या भाषेत सांगतात आणि समोर उभी असलेली डीसीपी (पोलीस उपायुक्त) वर्तिका चतुर्वेदी ऐकून घेते. शेफाली शाह यांचा चेहरा त्या क्षणी फारसं काही करत नाही. डोळे जरासे स्थिर होतात, एवढंच. या बाईंनी सबंध मालिका डोळ्यांवर पेलली आहे, असं अनेकांनी लिहिलंय. मला त्यात त्यांच्या मानेचीही भर घालावीशी वाटते. दिवसागणिक ती मान थकत जाते, आणि कुणी वरिष्ठ खोलीत आला की पुन्हा ताठ होते.

मुख्य आरोपीच्या चौकशीचा प्रसंगही तसाच. जयसिंग सगळं सांगतो, आवाज न चढवता, जणू गाडीचं काय बिघडलं ते मेकॅनिकला सांगावं. पश्चात्ताप तर सोडाच, आपण काही मोठं सांगतोय याची जाणीवही त्याच्या बोलण्यात नाही. त्या खोलीतले पोलीस वर्षानुवर्षं गुन्हेगार बघत आलेले आहेत, आणि तरी त्यांना खुर्चीत धड बसवत नाही. गुन्हा न दाखवता त्याचं वजन दाखवायचं कसं, याचा हा वस्तुपाठ आहे. आपल्या दूरचित्रवाणीवर गुन्ह्यांच्या ‘सत्यकथा’ वर्षानुवर्षं चालल्या आहेत. त्यांत बाईची किंकाळी, पडलेली चप्पल, हलणारा कॅमेरा आणि मग निवेदकाचा ‘सावध राहा’चा सल्ला असा ठरलेला क्रम असतो. किंकाळीने प्रेक्षक धरून ठेवायचा आणि सल्ल्याने त्याचं पाप धुवायचं. ‘दिल्ली क्राइम’ यातलं एकही करत नाही, आणि एवढ्यासाठीच तिला माझ्याकडून अर्धे गुण आधीच मिळालेले आहेत.

उरलेल्या अर्ध्यांतले बरेचसे तपासाच्या चित्रणाला. एक पांढरी बस, इतकाच धागा हाताशी. शहरात अशा बस किती असतील याला मोजदाद नाही. मग हॉटेलच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागवा, तासन् तास ते मागेपुढे करा, रस्त्यावरून तीच बस दोनदा गेलेली दिसते का ते पाहा. हे काम मुळात कंटाळवाणं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे हे मालिका लपवत नाही. एका पथकाकडे गाडी नसते, दुसऱ्याला पर राज्यात जायचं तर पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असतो, ठाण्यातली वीज जाते, माणसं घरी न जाता बाकावरच डोळा लावतात. भूपेंद्रसिंग (राजेश तैलंग) फोनवर हुकूम घेता घेता मुलीच्या लग्नाचं बोलणंही सांभाळतो. या माणसांना वर्दीच्या आत पोट, पाठ आणि पगार आहे, हे आपल्याकडच्या पडद्यावर क्वचितच दिसलं होतं. एरवी आपला पडद्यावरचा पोलीस एक तर हवेत माणसं उडवतो, नाही तर लाच खाऊन ढेकर देतो. मधला, नोकरी करणारा पोलीस कुणाला नको होता. तो इथे सापडतो.

नीती सिंग ही प्रशिक्षणार्थी आयपीएस अधिकारी (रसिका दुग्गल) तर मला वर्तिकेपेक्षाही अधिक लक्षात राहिली. तिला रुग्णालयात त्या मुलीजवळ, तिच्या आईवडिलांजवळ बसवलं जातं. तपासात ज्याला ‘काम’ म्हणतात तसलं हे काम नाही. नुसतं तिथे असायचं. कायद्याच्या पुस्तकात आणि प्रबोधिनीच्या शिकवणीत त्याला धडा नसतो. नीती ते चुकतमाकत करते, आणि मालिकेतली खरी कोवळीक तिच्या या चुकतमाकत असण्यात आहे.

भाषेबद्दल जाता जाता. वर्तिका घरी नवऱ्याशी इंग्रजीत बोलते, मुलीशी इंग्रजीत भांडते, आणि ठाण्यात पाऊल टाकलं की तिची हिंदी बदलते, थोडी खरखरीत होते. कुणी हे मुद्दाम अधोरेखित करत नाही. पण दिल्लीत हुकूम कुठल्या भाषेत ठरतो आणि कुठल्या भाषेत अंमलात येतो, ते यातून सहज कळून जातं.

आता अडखळते तिथे येते.

ही गोष्ट दिग्दर्शकापर्यंत आली ती त्या वेळी दिल्लीचे पोलीस आयुक्त असलेल्या नीरज कुमार यांच्याकडून. मेहता यांनी हे लपवलेलं नाही. तपासाची कागदपत्रं त्यांना पाहता आली, अधिकाऱ्यांशी बोलता आलं, आणि वर्षानुवर्षं खपून त्यांनी हे लिहिलं. अभ्यास खरा आहे, तो पडद्यावर दिसतो. पण ज्या आयुक्तांच्या राजीनाम्याची मागणी तेव्हा रस्त्यावर होत होती, त्यांच्याच दारातून ही गोष्ट बाहेर पडली, हेही तितकंच खरं. ज्याच्या घरात बसून गोष्ट ऐकली, त्याच्या घराची भिंत गोष्टीत पडत नाही. मालिकेतले आयुक्त (आदिल हुसेन) समजूतदार आहेत, थकलेले आहेत, आपल्या माणसांच्या पाठीशी उभे आहेत. चुकलेले कधीच नाहीत.

आणि याची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते ती गर्दीला. २२ डिसेंबर २०१२ ला विजय चौकापासून रायसीना टेकडीपर्यंत पोरंपोरी थंडीत उभी होती. अश्रुधूर, लाठ्या, पाण्याचे फवारे झाले, मेट्रोची स्थानकं बंद केली गेली. मालिकेत ही गर्दी येते ती तपासातला अडथळा म्हणून. ठाण्याबाहेर घोषणा चालू असतात, आत दमलेली माणसं काम करत असतात, आणि आपलं मन आपसूक आतल्यांच्या बाजूने झुकतं. ‘जरा गप्प बसा ना, ते करताहेत की,’ असं मीही मनात म्हणाले. मग स्वतःचीच लाज वाटली. दिग्दर्शकाचं कसब इतकं पक्कं आहे की चार-पाच तासांत त्याने मला लाठीच्या मुठीकडच्या बाजूला आणून उभं केलं होतं.

ती गर्दी नसती तर काय झालं असतं? १६ च्या रात्री गुन्हा घडला आणि आठवड्याच्या आत सहाही आरोपी हाती लागले, त्यातला एक थेट बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातून. मालिका या वेगाचं श्रेय वर्तिकेच्या हट्टाला आणि तिच्या निवडक माणसांच्या निष्ठेला देते. असेलही. पण देशातल्या किती ठाण्यांत, किती बायकांच्या तक्रारीसाठी इतकी पथकं इतक्या राज्यांत एका रात्रीत रवाना होतात? वेगाला कारण लागतं, आणि तेव्हाचं एक मोठं कारण बाहेर उभं राहून ओरडत होतं.

हे माझं नुसतं तर्कट नाही. २३ डिसेंबरला न्या. जे. एस. वर्मा, न्या. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांची समिती नेमली गेली. ती त्या गर्दीमुळेच. ऐंशी हजारांवर सूचना वाचून तिने २९ दिवसांत अहवाल दिला. त्यातून २०१३ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम आला आणि त्याच्याबरोबर भारतीय दंड संहितेत कलम १६६-अ आलं. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला किमान सहा महिने कैद. लक्षात घ्या, ही शिक्षा पोलिसासाठी आहे. नव्या न्याय संहितेतही ते कलम आहे, फक्त कलमाचा क्रमांक बदलला. वर्मा समितीच्या अहवालात पोलीस सुधारणांवर वेगळं प्रकरणच आहे. आणि अहवाल देताना न्या. वर्मा जे बोलले ते मला या मालिकेसमोर ठेवावंसं वाटतं: लोकांची माफी मागायची वेळ असताना गृहसचिवांनी पोलीस आयुक्तांची पाठ थोपटली याचा त्यांना धक्का बसला होता. मालिका नेमकी तीच पाठ थोपटते. फरक एवढाच की ती फार सुंदर थोपटते.

त्या रात्रीची दुसरी बाजूही आहे. ती बस काळ्या काचा आणि पडदे लावून शहरातून फिरत होती. त्याच संध्याकाळी त्याच टोळक्याने त्याच बसमध्ये एका सुताराला लुटून बाहेर टाकलं होतं. म्हणजे मालिकेची गोष्ट जिथे सुरू होते त्याच्या आधीच एक गोष्ट घडून गेली होती, आणि तिच्यात तडफदार पोलीस कुठेही नव्हते. गुन्ह्याच्या नंतरचे पाच-सहा दिवस दाखवायचे असं ठरवलं की पोलीस नायक होतात. आधीचे पाच-सहा तास दाखवले असते तर? गोष्ट कुठून सुरू करायची, याच निवडीत निम्मा निकाल लागून जातो.

त्या मुलीच्या मित्राला मालिकेने ज्या संशयाच्या उजेडात ठेवलं, तेही मला रुचलं नाही. त्याच्यावर संशय घेणं हा तपासाचा भाग असेल. पण वाहिन्यांवर मुलाखती देणारा, थोडा नाटकी असा तो रंगवला जातो, तेव्हा पटकथा तपासापलीकडे गेलेली असते. नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही. तो कोण हे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि त्याला मालिकेत उलट उत्तर द्यायची सोय नसते.

यावर माझा एक मित्र म्हणाला की कुठलीही गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यांनीच सांगावी लागते, पोलिसांच्या डोळ्यांनी सांगितली तर बिघडलं काय? बिघडलं काहीच नाही, हे मला मान्य आहे. मी तर म्हणते की पोलिसांच्या डोळ्यांनी ही गोष्ट कुणीतरी सांगायलाच हवी होती. पीडितेच्या डोळ्यांनी सांगायचा अधिकार कुणालाच नव्हता, आणि आरोपींच्या डोळ्यांनी बघायची इच्छा मला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मालिका आपली खिडकी अरुंद आहे हे कबूल करत नाही. सत्य घटनेवर आधारित असल्याचं सांगून, तारखा आणि ठिकाणं देत ती चालते, आणि प्रेक्षक त्यालाच नोंद मानतो. २०१२ साली जी पोरं शाळेत होती त्यांच्यासाठी तर हीच त्या डिसेंबरची आठवण आहे. त्यांच्या आठवणीतली गर्दी आता गोंगाट करणारी, समजूत नसलेली राहणार.

दुसरं पर्व २०२२ मध्ये आलं, तनुज चोप्रा यांच्या दिग्दर्शनाखाली, पाच भागांचं. त्याचीही मुळं नीरज कुमार यांच्याच लेखनात. पण गंमत अशी की पहिल्या पर्वावरचे माझे आक्षेप जणू कुणी ऐकले असावेत असं त्यात मधूनमधून वाटतं. दक्षिण दिल्लीतल्या श्रीमंत वृद्धांचे खून होतात, आणि पद्धत ‘कच्छा-बनियान’ टोळीची वाटते म्हणून संशय सरळ एका विमुक्त जमातीवर जातो. एका निवृत्त अधिकाऱ्याला ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावलं जातं. त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: ही माणसं जन्मजात अशीच. वस्तीवर धाडी पडतात, माणसं उचलली जातात, आणि या खेपेला कॅमेरा वर्दीकडे थोडा संशयाने बघतो.

विषय फार मोठा आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्म हाच गुन्हा ठरवला. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे मागच्या दाराने तोच शिक्का घेऊन आत आले. उचल्या, पारधी, छारा ही नावं मराठी वाचकाला नवीन नाहीत. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं तेव्हाच आपण हे वाचून चुकलोय की कुठेही चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर येतात. १९९८ मध्ये पश्चिम बंगालात बुधन सबर कोठडीत मेला आणि महाश्वेता देवींनी ते प्रकरण लावून धरलं. अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगांतल्या जातवार कामवाटपाविरुद्ध निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्तांच्या मनमानी अटकांबद्दल पोलिसांना बजावावं लागलं. म्हणजे ‘दिल्ली क्राइम’ने २०२२ मध्ये उचललेला धागा जुनाट नव्हता, जळता होता.

पण उचलला आणि मध्येच ठेवला. खरे खुनी दुसरेच निघतात, टोळीची म्होरकी लता (तिलोत्तमा शोम) गोष्टीत शिरते, आणि ती इतकी भेदक आहे की सगळा प्रकाश तिच्याकडे जातो. ब्युटी पार्लरचं स्वप्न बघणारी, चकचकीत दुकानांच्या काचेतून आत बघत राहणारी ही बाई शोम यांनी अशी उभी केली आहे की तिची भीतीही वाटते आणि तिच्याकडे बघवतही नाही. अभिनय म्हणून पहिला नंबर. पण ज्यांना विनाकारण उचललं त्यांचं काय, हा प्रश्न तिच्या मागे झाकला गेला. आणखी दोन भाग असते तर कदाचित तो पुन्हा वर आला असता. पहिल्या पर्वाची संथ, धीराची चाल दुसऱ्यात नाही, आणि जिथे धीर सर्वात जास्त हवा होता तिथेच घाई झाली.

काळोखाबद्दलही थोडं. या मालिकेचा काळोख फार देखणा आहे: धुकं, पिवळे दिवे, निळसर थंडी. दिल्ली अशी दिसते की तिथून पळून जावं. वर्तिकेच्या मुलीला तर पळायचंच आहे, तिचा डोळा कॅनडावर आहे, आणि आईला तिला इथेच ठेवायचंय. शहरावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मायलेकींचं भांडण मला आवडलं. पण काळोखातल्या मालिकांनी, चांगल्यांनीसुद्धा, आपल्या मनात एक नकाशा पक्का केला आहे: धोका बाहेर आहे, रात्री आहे, अनोळखी माणसात आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल दरवर्षी वेगळं सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. नात्यातला, शेजारचा, लग्नाचं वचन दिलेला. त्या गुन्ह्यांत बस नसते, पाठलाग नसतो, पर राज्यात पथकं धाडावी लागत नाहीत. आरोपीचा पत्ता फिर्यादीलाच माहीत असतो. अशा गुन्ह्यावर सात भागांची थरारक मालिका कशी लिहायची, हे कुणाला सुचलेलं नाही.

तरीही मी शेजारच्या मुलीला पहिलं पर्व बघ म्हणून सांगितलं. एकटीने नको, सलग नको, आणि बघून झाल्यावर वर्मा समितीच्या अहवालातलं पोलिसांवरचं प्रकरण वाच, असंही. तिने मालिका बघितली. प्रकरण वाचलं की नाही ते विचारलेलं नाही.

मला स्वतःला मात्र एक भाग बघायचाय जो अजून कुणी काढलेला नाही. शेफाली शाह, राजेश तैलंग, रसिका दुग्गल, हीच मंडळी, हाच संथ कॅमेरा. मंगळवारची दुपार, बाहेर घोषणा नाहीत, वाहिन्यांच्या गाड्या नाहीत. एक बाई ठाण्यात येते, टेबलासमोर उभी राहते, कुणाचं तरी नाव सांगते. हवालदार मान वर न करता विचारतो, ‘पता?’ ती सांगते. तो म्हणतो, ‘ये हमारी हद में नहीं आता.’ आणि पुढचा पाऊण तास कॅमेरा तिथून हलत नाही.